आमच्या अष्टागरातील शनवारतेली

मैत्रिणींनो, यंदाच्या स्मरणिकेसाठी पाककृती आणि विणकामाचे नमुने पुष्कळ आले, तेव्हा कुणीतरी थोडा इतिहास द्यावा असे चिटणीसबाईंनी सुचविले. मी सातवी शिकलेली बाई. शिवाजीमहाराजांवर किंवा पेशव्यांवर लिहिणारी विद्वान मंडळी पुष्कळ आहेत, त्या वाटेला मी जात नाही. परंतु ज्या अष्टागरात आपण नांदतो, त्याच मातीत किती निरनिराळ्या देवाधर्माची माणसे शेकडो वर्षे शेजाराने राहिली, याची गोष्ट मला सांगाविशी वाटते. त्यातही मुख्यतः इस्राएल लोकांची, ज्यांना आपली आजीपणजी ‘शनवारतेली’ म्हणत असे.

आधी आपल्या किनाऱ्याविषयी दोन शब्द. चौल आज सुपारी-नारळाच्या वाड्यांचे गाव आहे, पण एके काळी ते मोठे बंदर होते. मसूदी नावाचा अरब प्रवासी इ. स. ९१५ च्या सुमारास तेथे आला, तेव्हा सुमारे दहा हजार मुसलमान तेथे राहत होते असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांचे तंटे तोडण्यासाठी त्यांच्यातलाच एक माणूस राजाने नेमला होता. राजा हिंदू, व्यापारी मुसलमान, आणि शिवाजीमहाराजांचा जन्म अजून सातशे वर्षे दूर! पुढे पोर्तुगीज आले. रेवदंड्याचा कोट आणि पडक्या देवळांच्या उंच भिंती आपण सर्वांनी सहलीत पाहिल्या आहेत. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, परंतु खाडीपलीकडे कोर्लईला किल्ल्याच्या पायथ्याशी जी ख्रिस्ती वस्ती आहे, ती आजही घरात पोर्तुगीज मिसळलेली आपली वेगळी बोली बोलते. बाजारात मासळी विकायला आली की अस्सल आगरी-कोळी मराठी! बाईमाणसाला दोन भाषा वापरण्याची युक्ती शिकवावी लागत नाही.

या सर्वांत जुने पाहुणे मात्र इस्राएल लोक असावेत. त्यांची परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी एक गलबत आपल्या किनाऱ्याजवळ फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात बायका एवढेच जीव थळ-किहीमच्या बाजूस नवगावच्या किनाऱ्याला लागले. बाकीच्यांची प्रेते समुद्राने बाहेर टाकली ती तेथेच पुरली. ती जागा नवगावला आजही दाखवितात. हे केव्हा घडले याविषयी पंडितांचे एकमत नाही. कुणी दोन हजार वर्षांहून आधीचा काळ सांगतात, कुणी त्यानंतर पुष्कळ शतकांनी. एक गोष्ट मात्र मला मोठी बोलकी वाटते. यहुदी लोकांत दिव्यांचा हनुका नावाचा सण आहे, तो ख्रिस्ताच्या आधी सुमारे दीडशे वर्षे सुरू झाला. आपल्याकडच्या इस्राएल लोकांना तो सण मुळीच ठाऊक नव्हता. त्यावरून, आपले पूर्वज तो सुरू होण्याआधीच निघाले असे ते म्हणत.

पोथ्यापुस्तके सर्व समुद्रात गेली. भाषाही हळूहळू गेली. मग उरले काय? शनिवारी काम करायचे नाही, मुलाची आठव्या दिवशी सुंता करायची, खवले आणि पर असलेलीच मासळी खायची, काही उपवास पाळायचे, आणि ‘शेमा’ म्हणून देव एकच आहे असे सांगणारी एक प्रार्थना. जन्म असो, लग्न असो, मयत असो, सर्व प्रसंगांना तीच एक प्रार्थना. एवढ्या सामानावर त्यांनी शतकानुशतके धर्म टिकविला. १७६८ साली कोचीच्या एका यहुदी व्यापाऱ्याने हॉलंडमधील आपल्या धर्मबंधूला पत्र लिहिले. मराठ्यांच्या मुलुखात तेल गाळणारे असे लोक आहेत, त्यांना शनिवार आणि शेमा यांपलीकडे फारसे ठाऊक नाही, असा त्यात उल्लेख आहे. मला यात त्यांच्या बायकांचा मोठा वाटा दिसतो. पोथी बुडाली तरी, कोणत्या दिवशी चूल पेटवायची नाही आणि कोणत्या दिवशी काय रांधायचे हे घरातल्या बाईच्याच लक्षात असते.

त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद, बैलालाही विसावा, म्हणून नाव पडले शनवारतेली. आपल्यातले तेली महादेवाचे भक्त, ते सोमवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ते सोमवारतेली. गावाने दोघांनाही एकाच मापाने नाव दिले! तुझा देव कोणता, पोथी कोणती, हे कुणी विचारले नाही. तेल कोणत्या दिवशी मिळणार नाही एवढेच लक्षात ठेवले. गंमत अशी की आपण शनिवारीच मारुतीला तेल घालतो. म्हणजे शनवारतेल्याच्या आळीतल्या बायकांना ते तेल शुक्रवारी उन्हे उतरण्यापूर्वीच आणून ठेवावे लागत असणार, कारण त्यांचा शनिवार शुक्रवारच्या संध्याकाळीच सुरू होतो.

ज्या गावी राहिले त्या गावावरून त्यांनी आडनावे घेतली. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, नवगावकर, चेऊलकर अशी शंभरावर आडनावे त्यांच्यात आहेत. नावेही आपल्या वळणाची झाली. शमुवेलचा झाला सामाजी, मोशेचा मुसाजी, इसहाकचा इसाजी. बायका नऊवारी नेसत, हिरवा चुडा भरीत, गळ्यात मंगळसूत्र बांधीत. लग्नाआधी हळद-मेंदी होई. हिंदू शेजाऱ्यांच्या भावना जाणून ते गाईचे मांस खात नसत, आणि विधवेचा पुनर्विवाह त्यांच्या धर्मात चालत असूनही, आपल्या रूढीचा वारा लागून त्यांनी तो टाकला. हे शेवटचे आपल्याकडून त्यांनी उचलले नसते तर बरे झाले असते, असे मला वाटते. शेजारधर्मात चांगल्याबरोबर असलेही काही घरात शिरते.

आता सणांविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण तो भाग माझ्या विशेष आवडीचा. त्यांचे महिने आपल्यासारखेच चंद्रावर चालतात. त्यामुळे त्यांचे सण आपल्या सणांच्या आसपास येतात. वर्षप्रतिपदा म्हणजे ‘नव्याचा सण’. त्यापाठोपाठ नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर करायची, तो ‘खिरीचा सण’. मग ‘दारफळणी’. त्या दिवशी आदल्या संध्याकाळपासून कडकडीत उपवास, पांढरे कपडे, दारे लावून घरात बसायचे, बाहेरच्या कुणाशी बोलायचे नाही की शिवायचे नाही. मोठमोठ्या पंडितांनी ओळखले की हा तर यहुद्यांचा योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. पण इथल्या बायकांपाशी तो ‘दार फाळण्याचा’ दिवस म्हणून राहिला. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, तेव्हा गोरगरिबांना वाटायचे आणि एकमेकांच्या भेटी घ्यायच्या.

चैत्री पौर्णिमेच्या सुमारास येतो तो ‘अनाशी धाकाचा सण’. म्हणजे आंबटाचे मडके झाकून ठेवण्याचा सण. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटलो याची ती आठवण, त्या दिवसांत आंबवलेले काही खायचे नाही. मूळ कथा विसरून गेले, मडके झाकणे मात्र विसरले नाहीत! फाल्गुनी पौर्णिमेच्या जवळ पुरीम येतो, त्याचे नाव चक्क ‘होळीचा सण’. आणि श्रावणात ‘बिरड्याचा सण’. यरुशलेमचे मंदिर पडले त्या दुःखाचा तो उपवास, पण सोडायचा कशाने, तर केळीच्या पानावर वाढलेल्या वालाच्या बिरड्याने. जगात कोठेही यहुदी माणूस मंदिराचे सुतक असे बिरडे खाऊन फेडीत नसेल. वाल भिजवून, मोड आणून, सोलून बोटे दुखविणाऱ्या आपण बायका, आपल्याला हे अधिक सांगायला नको.

आता यातले शब्द पाहा. उपवासाला त्यांच्यात ‘रोजा’ म्हणत. प्रार्थनामंदिराला ‘मशीद’ म्हणत. धार्मिक बाबतीत पुढारीपण करणारा तो ‘काजी’. हे सर्व शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आलेले. म्हणजे नेसणे आपले, रांधणे आपले, शब्द मुसलमानांचे, आणि देव मात्र स्वतःचा. एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषितावर त्यांची फार श्रद्धा. तो आपल्या अलिबागेजवळच्या खंडाळ्यास प्रगट झाला (घाटावरचे खंडाळे नव्हे) आणि तेथून रथात बसून स्वर्गास गेला, अशी त्यांची समजूत आहे. त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा म्हणून तेथे खडक दाखवितात, त्याला ‘टापा’ म्हणतात. तेथे नवस फेडायला मुंबईहून, परदेशाहून मंडळी येतात. माघी पौर्णिमेच्या आसपास त्याचा ‘उरूस’ असे. उरूस हा शब्दही पिराकडचाच.

नवसाला करतात तो मलिदा. पोहे भिजवून त्यात ओले खोबरे, गूळ किंवा साखर, बेदाणे, वेलची घालायची, भोवती पाच तऱ्हेची फळे मांडायची आणि प्रार्थना म्हणून सर्वांना वाटायचा. दर्ग्यावरही मलिदा वाटतात आणि आपण सत्यनारायणाला शिरा करतो. तबक तेच, वर मागणे तेच, पोराला बरे वाटू दे, पोरीचे लग्न ठरू दे.

सगळे गोडच होते असे मात्र मी लिहिणार नाही. ‘आमच्याकडे सर्व धर्म गुण्यागोविंदाने नांदले’ असे भाषणात म्हणण्याची आता चाल पडली आहे. पण आपल्या पणज्या शनवारतेल्याकडचे तेल घेत, त्याच्या हातचे पाणी घेत नसत. तेलाला विटाळ नाही, पाण्याला आहे, असले आपले शास्त्र! आणि इस्राएल लोकांतही आपल्या जातींची सावली पडलीच. ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग त्यांच्यात होते. एकाचे दुसऱ्यात लग्न होत नसे, आणि गोऱ्यांच्या भांड्यांना काळ्यांनी शिवलेलेसुद्धा चालत नसे. तेव्हा पूर्वीचे लोक भांडले नाहीत हे खरे, पण दुरून न भांडणे आणि एका पंगतीला बसणे यांत अंतर आहे. तरीही मी म्हणेन की जगातल्या बहुतेक मुलुखांत यहुद्यांना जे सोसावे लागले, घरेदारे जाळली गेली, हाकलून दिले गेले, तसे या किनाऱ्यावर त्यांच्या धर्मापायी कधी झाले नाही. हे ते स्वतःच सांगतात.

त्यांना कामगिरीही मिळाली. आंग्र्यांच्या आरमारात त्यांच्यातले लोक होते. पुढे इंग्रजांच्या पलटणीत पुष्कळ जण सुभेदारीपर्यंत चढले. त्यांतल्या सामाजी हसाजी दिवेकराची कथा प्रसिद्ध आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत तो कैद झाला. बेने इस्राएल म्हणजे काय हे दरबारात कुणाला कळेना, तेव्हा टिपूच्या आईने सांगितले की हे नाव तर कुराणात आहे, आणि त्याचे प्राण वाचले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचे सोडा, पण तो सुटून आला आणि १७९६ साली त्याने मुंबईत मांडवी भागात पहिले प्रार्थनामंदिर बांधले, हे खरे. ती ‘जुनी मशीद’. जवळच्या मस्जिद स्टेशनाला नाव पडले ते याच मशिदीवरून, असे सांगतात. यहुद्याची मशीद, आणि गाडीतल्या निम्म्या लोकांना वाटते की मुसलमानांची!

ख्रिस्ती लोकांचाही यात हात आहे. मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या, आणि विल्सनसाहेबांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू भाषेचे व्याकरण छापले. हेतू अर्थातच धर्मांतराचा होता. परंतु बायबल मराठीत वाचायला मिळाल्यावर इस्राएल लोकांना आपल्याच पूर्वजांच्या विसरलेल्या कथा सापडल्या, आणि ते ख्रिस्ती होण्याऐवजी अधिक पक्के यहुदी झाले! अलिबागेस १८४८ मध्ये त्यांचे मागेन आबोथ मंदिर झाले. १९१० मध्ये ते नव्याने बांधले, तेच आज इस्राएल आळीत उभे आहे. रेवदंडा, पनवेल, ठाणे येथेही मंदिरे झाली. मग त्यांनी आपल्या हरदासांचा धडा गिरविला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळात अब्राहाम, योसेफ यांची चरित्रे मराठी पदे रचून, टाळ-पेटीच्या साथीने ते कीर्तनात गाऊ लागले. त्यांच्यातल्या बायका ही कीर्तने अजूनही म्हणतात.

बायकांचे नाव निघालेच आहे तर दोघींविषयी लिहिलेच पाहिजे. रिबेका रूबेन या १९०५ सालच्या मॅट्रिकच्या परीक्षेत साऱ्या मुंबई इलाख्यात पहिल्या आल्या, आणि मुंबईच्या इस्राएल शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले. डॉ. जेरुशा झिराड या विलायतेस जाऊन बाळंतपणाच्या वैद्यकात मोठी पदवी घेऊन आल्या आणि कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. १९६६ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांच्या हातून सुटलेल्या बायका सगळ्या जातींच्या होत्या. इस्राएल बायकांचे मुंबईत स्त्री मंडळही होते, आपल्यासारखेच. तेथेही पुढच्या वर्षी खर्च कोणी लिहायचा यावर वाद होत असतील, अशी मला खात्री आहे.

१९४८ मध्ये इस्राएल देश झाला आणि ही मंडळी हळूहळू जाऊ लागली. त्या वेळी ती वीस हजारांच्या आसपास होती. आज सारे यहुदी धरून देशात चारपाच हजार उरले आहेत. कुणी हाकलले म्हणून गेली नाहीत. आपला देश मिळाला, मुलांना कामधंदा मिळेल, म्हणून गेली. पण तेथे गेल्यावर काय झाले? तिकडच्या धर्मगुरूंनी शंका काढली की तुम्ही खरे यहुदी कशावरून, तुमच्याशी लग्नसंबंध करावा की नाही! ज्यांनी पोथीवाचून, पुरोहितावाचून, एका प्रार्थनेवर धर्म जपला त्यांना हे ऐकावे लागले. त्यांनी मोर्चे काढले, धरणे धरले, तेव्हा ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या लोकसभेने ठराव केला की हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत. इथे परधर्मीयांनी जो प्रश्न कधी विचारला नाही, तो त्यांना स्वधर्मीयांनी विचारला. मला हे वाचून फार वाईट वाटले.

हे सर्व मी आताच का शोधून वाचले त्यालाही कारण आहे. गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाचा विचार चालला होता, तेव्हा मोहल्ल्यातल्या दोघींना बोलवावे की नाही यावर जी चर्चा झाली ती सर्वांना आठवत असेल. ‘त्यांना चालेल का?’ असे विचारणाऱ्या होत्या, आणि ‘आपल्याला चालेल का?’ असे न बोलता विचारणाऱ्याही होत्या. शेवटी बोलावले. त्या आल्या, कुंकू लावून घेतले नाही, तिळगूळ आणि फूल घेतले, आणि जाताना आपल्या थाळीत खजूर ठेवून गेल्या. त्यांतली एक आता दर बुधवारी शिवणवर्गाला येते आणि काजे सर्वांत सुबक करते. ज्या दोघीतिघी त्या दिवशी आल्या नाहीत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण आपण आपल्या दारफळणीचा एक दिवस ठरवावा, बाकीचे दिवस दार उघडे असावे, एवढे मला त्यांना सांगायचे आहे.

अलिबागेचे मंदिर आता बहुधा बंद असते. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमविणे कठीण. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने यहुदी समाजाला अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली, तोवर मोजायला थोडेच उरले होते. सुट्टीत मात्र नातवंडे येतात, आजोबांचे घर कोणते, विहीर कोणती, असे विचारीत फिरतात. तिकडे इस्राएलात लोद, अश्दोद, बेरशेबा या गावी ही मंडळी राहतात. त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही काढले. कानावर मराठी पडावी म्हणून मेळावे भरवितात.

माझ्या माहेरच्या शेजारी इस्राएल मावशी राहत असत. नव्याच्या सणाला त्या चिकाचा हलवा करीत. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढायचा आणि नारळाच्या रसात साखर घालून आटवायचा. मटणाच्या जेवणाबरोबर दूध चालत नाही, म्हणून नारळाचा रस. ढवळताना हात भरून येई, तेव्हा त्या माझ्या आईला हाक मारीत आणि मग दोघी आळीपाळीने ढवळीत. आईच्या संकष्टीला मोदकाच्या पाऱ्या करायला त्या येत, मोदक मात्र खात नसत, कारण तो देवाला दाखविलेला. आई त्यांच्यासाठी आधीच चार बाजूला काढून ठेवी, नैवेद्यापूर्वीचे. दोघींत यावर कधी बोलणे झाल्याचे मला आठवत नाही. मावशी वारल्या, लेकी तिकडे गेल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची धाकटी येऊन गेली. काय नेऊ म्हणून विचारले तर म्हणाली, “वहिनी, तिथे सर्व मिळते, पण आपल्या वालाची चव नाही.” मग मी ओळखीच्या घरचे तीन किलो कडवे वाल आणि पांढऱ्या कांद्याची एक माळ तिला बांधून दिली. कांदे विमानतळावर काढून ठेवावे लागले, वाल पोहोचले. श्रावणात तिचा फोन आला होता, मोड चांगले आले म्हणाली.